भुंग्यांची मोजणी आणि रकान्यांची नावे

पुण्यात १९५५ साली नजरेस आलेले गाजरगवत पुढे देशभर पसरले. त्याच्या बंदोबस्तासाठी मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा वाढवून सोडण्याचे काम जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयाने दीर्घकाळ केले आहे. भुंगा सोडला की मोजणी आलीच. आणि ती आता अनेक ठिकाणी कागदाऐवजी संगणकीय फॉर्मवर होते.

एका चौरस मीटरमध्ये गाजरगवताची पाच झाडे, तर शेजारी तेवीस. फॉर्ममध्ये ओळी किती ठेवाव्यात, हे आधी ठरवता येत नाही. म्हणून ‘आणखी झाड’ हे बटण दाबताच नवी ओळ तयार होते आणि तिच्या रकान्यांना नावेही त्याच क्षणी मिळतात : भुंगे_१, भुंगे_२, भुंगे_३. जावास्क्रिप्टमध्ये अशा रकान्यापर्यंत पोहोचण्यासाठी फॉर्मच्या ‘एलिमेंट्स’ या संग्रहापुढे चौकोनी कंस करून त्यात ‘भुंगे_’ आणि क्रमांक यांची जोडणी द्यावी लागते. हाती येणारे मूल्य मजकुराच्या रूपात असते. त्याचे अंकात रूपांतर केले नाही, तर २ आणि ३ यांची बेरीज २३ होते. ही चूक निदान डोळ्यांत भरते.

खरा घात मूकपणे होतो. पीएचपीमध्ये रकान्याच्या नावाअखेर रिकामा चौकोनी कंस ठेवला की सारी मूल्ये आपोआप एका यादीत गोळा होतात. सोय मोठी आहे. परंतु ‘अळी आढळली’ ही खुणेची चौकट कोरी राहिली, तर ब्राउझर ती पाठवतच नाही. समजा, दहा झाडांपैकी चौथ्या आणि नवव्या झाडावरच अळ्या दिसल्या. भुंग्यांच्या यादीत दहा नोंदी येतील, अळ्यांच्या यादीत दोनच. आणि त्या पहिल्या व दुसऱ्या झाडाला चिकटतील. एकूण संख्या बरोबर असल्याने कोणास शंकाही येत नाही. पाने खाण्यात अळी आणि प्रौढ दोघेही वाकबगार. पण अळ्या व पानांची हानी यांचा झाडनिहाय संबंध तपासू गेल्यास तो दिसेनासा होतो आणि बिचाऱ्या भुंग्यावर निष्प्रभतेचा शिक्का बसतो.

यासाठी कंस रिकामा न ठेवता त्यात झाडाचा क्रमांक लिहावा : भुंगे[४], अळी[४]. मधली एखादी ओळ पुसली तरी उरलेल्या ओळींचे क्रमांक बदलू नयेत. शेजारचे झाड उपटले म्हणून शेतातील झाडाला बांधलेली चिठ्ठी कोणी बदलत नाही, तसेच हे. मग सर्व्हरवरही एकपासून दहापर्यंत मोजत न जाता आलेले क्रमांकच वाचावेत. भुंगा सोडण्याचा हंगाम पावसाळ्याचा; त्याआधी केवळ चौथ्या आणि नवव्या झाडावर खूण करून फॉर्म एकदा पाठवून पाहावा आणि नोंद कोणत्या झाडापुढे उमटते, ते तपासावे.