जुना संगणक अडून का बसतो?

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी दहा-बारा वर्षांचा एखादा संगणक असेल. कदाचित तो थोरल्या भावाने अभियांत्रिकीला असताना घेतलेला असेल, किंवा पुण्या-हैदराबादच्या एखाद्या कचेरीतून निवृत्त होऊन सोलापूरच्या दुकानात आणि तेथून तुमच्या घरी आलेला असेल. तो चालतो. पण मधूनमधून पडद्यावर अपडेटची सूचना येते, तुम्ही होकार देता, आकडा वीस टक्के, तीस टक्के असा चढत जातो, संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि मग वाक्य उमटते : बदल पूर्ण करता आले नाहीत, पूर्वस्थिती आणत आहोत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे 'अपडेट बंदच करून टाक', आणि दुसरा 'फॉरमॅट मार'. दुसऱ्या सल्ल्याने घरातले सगळे फोटो आणि तुमचे प्रकल्प पुसले जातात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पहिल्या सल्ल्यातला धोका मात्र चटकन दिसत नाही.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजमधील एक भगदाड बुजवणारे अपडेट दिले. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्या संगणकांत १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्रॅम त्याच भगदाडातून शिरला आणि त्याने फायली कुलूपबंद केल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. त्याने इतर युक्त्यांबरोबर तेच भगदाड वापरले, आणि त्या तडाख्यात आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळित झाले. अपडेट येऊन तोवर तीन महिने उलटून गेले होते! म्हणून अपडेट का अडले, हे शोधून काढणे भाग आहे.

आधी अपडेट होते म्हणजे काय होते, ते पाहू. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे हजारो फायलींचा संच. त्यांतल्या काही फायली बदलायच्या असतात, पण संगणक चालू असताना त्या वापरात असतात. साध्या यंत्रमागावर धोट्यातली कांडी संपली, की माग थांबवूनच नवी कांडी घालावी लागते. तसेच येथे आहे. म्हणून नव्या फायली आधी उतरवून, उलगडून बाजूला ठेवल्या जातात आणि खरी अदलाबदल संगणक पुन्हा सुरू होताना केली जाते. जुन्या फायलीही लगेच टाकून देत नाहीत. मध्येच काही बिनसले, तर त्याच परत जागेवर बसवायच्या असतात. तेव्हा 'पूर्वस्थिती आणत आहोत' हे वाक्य वाचून घाबरू नका. संगणकाने अर्धवट बदल स्वीकारण्याचे नाकारले, एवढाच त्याचा अर्थ.

नाकारले तर का नाकारले? याचे उत्तर पुष्कळदा पडद्यावरच असते, पण ते अशा रूपात असते की आपण ते वाचतच नाही. उदाहरणार्थ, ०एक्स८००७००७०. सुरुवातीचे 'शून्य एक्स' इतकेच सांगते, की पुढची संख्या षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या आधारावर लिहिली आहे. त्या पद्धतीत नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे दहा ते पंधरा या किमतींसाठी वापरतात. आता पहिला अंक ८ आहे. द्विमान पद्धतीत तो १००० होतो. त्यातला सर्वांत डावीकडचा १ म्हणजे 'काम झाले नाही' अशी खूण. त्यापुढे येणारा ७ सांगतो, की चूक विंडोजच्या स्वतःच्या सर्वसाधारण यादीतली आहे. राहिले शेवटचे चार अंक, ००७०. सात गुणिले सोळा, म्हणजे ११२. विंडोजच्या यादीत ११२ क्रमांकासमोर लिहिले आहे : डिस्कवर पुरेशी जागा नाही. म्हणजे जे कोडे वाटत होते, ते एक साधे वाक्य निघाले.

जागेचा हा प्रश्न जुन्या संगणकांत सर्वांत जास्त आढळतो. नव्या फायलींची उतरवलेली गठडी, तिच्यातून उलगडलेला माल आणि जपून ठेवलेल्या जुन्या फायली, असे तिन्ही एकाच वेळी डिस्कवर मावले पाहिजे. मोठ्या आवृत्तीबदलासाठी २० जीबी जागा मोकळी असावी, हा चांगला ठोकताळा आहे. सेटिंग्जमध्ये स्टोरेजचे पान उघडले, की कोणत्या प्रकारच्या फायलींनी किती जागा अडवली आहे ते दिसते. तात्पुरत्या फायली तेथूनच काढून टाकता येतात, चित्रपट वगैरे बाहेरच्या डिस्कवर हलवता येतात.

पण सांकेतिक क्रमांक नेहमीच मूळ कारण सांगतो, असे समजू नका. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी५०३४४४१ या क्रमांकाचे एक अपडेट आले आणि असंख्य संगणकांवर ते ०एक्स८००७०६४३ असे म्हणून बंद पडू लागले. ६४३ चे दशमान रूप करा : सहा गुणिले २५६, अधिक चार गुणिले १६, अधिक तीन. उत्तर १६०३ येते. यादीत १६०३ समोर आहे, 'स्थापना करताना गंभीर चूक'. यातून बोध काय होणार? लोकांनी मुख्य डिस्कवर पाहिले, तर तेथे भरपूर जागा मोकळी! खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. संगणक दुरुस्तीसाठी डिस्कवर एक छोटा, नेहमी न दिसणारा विभाग राखून ठेवलेला असतो. हे अपडेट त्या विभागासाठी होते, आणि त्यात २५० एमबी मोकळी जागा लागत होती. जुन्या संगणकांत तो विभाग लहान आखलेला होता. संदेशात जागेचा उल्लेख यायला हवा होता, हे पुढे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केले. ताप आला हे तापमापक सांगतो, पण तो हिवतापाचा की आणखी कशाचा, हे डॉक्टरांनाच शोधावे लागते, तसाच हा प्रकार. असे विभाग लहानमोठे करण्याच्या फंदात मात्र सगळ्या फायलींची दुसरी प्रत काढल्याशिवाय पडू नका.

आता एक गमतीदार कारण पाहू. संगणकाच्या मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढा दिसणारा एक चपटा सेल असतो. त्याचे नाव सीआर२०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, विद्युत्दाब ३ व्होल्ट. संगणक बंद असतानाही त्यातले घड्याळ याच सेलवर चालते. त्या घड्याळात क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हीच विचित्र संख्या का? कारण २ चा पंधरावा घात ३२,७६८ आहे. त्या कंपनांना पंधरा वेळा निम्मे केले, की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. संगणक भिंतीतल्या विजेला जोडलेला असेल, तर घड्याळाला तेथून वीज मिळते आणि सेल फारसा झिजत नाही. आपल्याकडे रात्री मुख्य बटन बंद करून झोपण्याची सवय असते. ती चांगलीच आहे, पण त्यामुळे सारा भार सेलवर पडतो. त्यात उन्हाळ्याची उष्णताही सेल लवकर संपवते. सेल संपला, की संगणक काही वर्षे मागच्या तारखेला जागा होतो.

त्याचा अपडेटशी काय संबंध? अपडेट ज्या दूरच्या संगणकाकडून घ्यायचे, तो आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असे असते. तुमच्या संगणकाच्या मते आज २०१४ साल असेल, तर ते प्रमाणपत्र त्याला अजून जन्मालाच न आलेले दिसते, आणि तो व्यवहार करायला नकार देतो. अशा वेळी ०एक्स८००७२एफ८एफ असा क्रमांक दिसू शकतो. शेवटच्या चार चिन्हांचे दशमान रूप स्वतः काढून पाहा. १२१७५ यायला हवे. त्याचा अर्थ आहे, सुरक्षित जोडणीत दोष. उपाय अगदी स्वस्त आहे : तारीख व वेळ दुरुस्त करा. दर वेळी ती पुन्हा चुकत असेल, तर वीज पूर्ण तोडून, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन सेल बदला.

कित्येकदा तर अपडेट अडलेलेच नसते! जुन्या संगणकात फिरती हार्ड डिस्क असते. ती मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, आणि टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी ९ धरू. एकूण १३ मिलिसेकंद झाले. अपडेटच्या काळात अशा दोन लाख लहानलहान खेपा झाल्या असे मानले, तर २,६०० सेकंद, म्हणजे पाऊण तासाच्या आसपास वेळ नुसत्या ये-जा करण्यात जातो. चकती नसलेल्या एसएसडीमध्ये हीच खेप साधारण ०.१ मिलिसेकंदात होते आणि सारे काम वीस सेकंदांत आटोपते. म्हणून आकडा तीस टक्क्यांवर थबकला आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असला, तर दोन-तीन तास खुशाल वाट पाहावी. घाईने बटन दाबून संगणक बंद करणे हे अपडेट बिघडण्याचे एक मोठे कारण आहे. जुन्या संगणकावर पैसे खर्च करायचेच असतील, तर माझ्या मते पहिला खर्च एसएसडीवर करावा. डिस्क टकटक असा आवाज करत असेल, तर मात्र अपडेटचा नाद सोडून आधी फायलींची प्रत काढा.

मेमरी बिघडली असेल, तर उतरवलेल्या फायलींत एखादा शून्याचा एक होतो, पडताळणी चुकते आणि अपडेट नाकारले जाते. विंडोजमध्येच मेमरी तपासण्याची सोय आहे. ती रात्री चालू करून ठेवावी. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने पुसण्याचा दुकानातला उपाय तुम्ही पाहिला असेल. कधीकधी त्याने गुण येतो खरा, पण ते काम जाणत्या हातालाच करू द्यावे.

उष्णतेचे मात्र थोडे गणित करू. अपडेटच्या वेळी प्रोसेसरला खूप काम पडते आणि तो तापतो. उष्णता बाहेर जाण्याचा वेग हा प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानांतील फरकाच्या जवळजवळ प्रमाणात असतो. प्रोसेसरची मर्यादा ९० अंश धरा. खोली २५ अंशांवर असताना फरक ६५ अंशांचा. मे महिन्यातल्या सोलापुरी दुपारी ४२ अंशांवर तो ४८ उरतो. म्हणजे तोच पंखा सुमारे एक चतुर्थांश उष्णता कमी बाहेर टाकू शकतो. त्यात पंख्यावर धुळीचा थर असला, की संगणक स्वतःला वाचवण्यासाठी मध्येच बंद होतो. म्हणून पंखा साफ करून अपडेट पहाटे करावे. वळवाचे ढग दाटून आले असतील, तर त्या संध्याकाळीही करू नये. वीज गेल्यास विंडोज बहुधा सावरते. पण मुख्य पाटीवरचा बायोस हा मूळ प्रोग्रॅम अद्ययावत होत असताना वीज गेली, तर संगणक पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते. ते काम यूपीएसशिवाय करूच नये.

ही सारी कारणे एकदम दूर करायला जाऊ नका. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच राशी बदलतो. येथेही एक बदल करा, पुन्हा अपडेट करून पाहा, आणि तारीख, क्रमांक व निकाल वहीत लिहा. नाहीतर यश आले तरी ते कशामुळे आले हे कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

काही अडथळे मात्र कोणत्याही सफाईने हटत नाहीत. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना सुरक्षेची अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना कंपनीने जाहीर केली. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, शिवाय प्रोसेसर कंपनीच्या यादीत असावा लागतो. २०२४ मध्ये आलेल्या तिच्या आवृत्तीत तर एक खास आज्ञा आवश्यक झाली : द्विमान संख्येत किती १ आहेत, हे एका फटक्यात मोजणारी. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती २००८ च्या सुमारास आली. त्याआधीच्या प्रोसेसरला तो शब्दच माहीत नाही, मग त्याने आज्ञा पाळावी कशी? तेथे संगणक सुरूच होत नाही.

अशा संगणकासाठी लिनक्स हा मार्ग उरतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली डेबियन या लिनक्सवर आधारलेली असून तिच्यात मराठीची सोय आहे. मात्र येथेही वयाची अट हळूहळू येत आहे : ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीने ३२-बिट पीसींवर ती नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. तुमचा प्रोसेसर ६४-बिट आहे की नाही, ते आधी पाहून घ्या. मग लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करा. डिस्कला हात न लावता ते चालवून पाहता येते. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, मराठी टंकलेखन नीट होते का आणि तुमचा प्रिंटर त्याला ओळखतो का, एवढे दोन-चार दिवस तपासा. डिस्कवर ते कायमचे बसवायचे की नाही, हे त्यानंतर घरातल्यांशी बोलून ठरवा.