दिवसभराच्या श्रमाचे मोल

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर १९७०-८० च्या दशकांतील स्टिरिओ दुरुस्तीला घेऊन येणारी गिऱ्हाइके आजही भेटतात. या यंत्रांत बिघडते ते बहुधा क्षुल्लकच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्राव वर्षानुवर्षे सुकत जातो आणि गाण्यामागे घरघर ऐकू येऊ लागते. टेपडेकचा रबरी पट्टा सैल पडतो आणि सूर डळमळतो. सुटा भाग थोडक्या रुपयांचा. मात्र नेमके काय बिघडले, हे शोधण्यात कारागिराचा अख्खा दिवस जातो आणि गिऱ्हाईक घासाघीस करते ती याच दिवसाच्या मोलावर! निदानाचे पैसे डॉक्टरांना निमूटपणे देणारा सुशिक्षित मनुष्य येथे मात्र विचारतो, ‘‘बदलले काय?’’ ज्या श्रमाला भाव नाही, तो शिकायला उमेदवार कोठून येणार?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. ग्राहकाला सुटे भाग व दुरुस्तीची माहिती उत्पादकांकडून मिळावी, हा हेतू रास्तच आहे. परंतु जो अ‍ॅम्प्लिफायर बनणेच चाळीस वर्षांपूर्वी थांबले, त्याची माहिती पुष्कळदा उरलेली असते ती एखाद्या वृद्ध कारागिराच्या डोक्यात. त्याचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो, यात नवल ते काय?