महालक्ष्मीच्या पाणथळीत डर्बी

महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं, की एका बाजूला धोबीघाट दिसतो. पश्चिमेला चार पावलं गेलं, की रेसकोर्सची हिरवळ! गर्दीच्या मुंबईत एवढी मोकळी जागा उरलीच कशी?

पूर्वी घोडे भायखळ्याला धावत. महालक्ष्मीला होती नुसती पाणथळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डच्या बांधानं समुद्र अडला, जमीन कोरडी होत गेली आणि १८८३ साली इथे रेसकोर्स उभा राहिला.

त्याचा लंबगोल ट्रॅक सुमारे २४०० मीटरचा. इंडियन डर्बीचं अंतरही तेवढंच, कारण विलायतेतल्या एप्समची डर्बी दीड मैलाची! १७८० साली ती एकच मैलाची होती, १७८४ पासून अंतर वाढलं. एप्समचा ट्रॅक मात्र घोड्याच्या नालेसारखा: आधी दमवणारा चढ, मग टॅटनहॅम कॉर्नरकडे उतार. तिथे तोल सावरतो तोच जिंकतो. आपला महालक्ष्मी सपाट, म्हणून कस लागतो तो वेगाचा आणि दमाचा. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुलनं. घोडीनं, बरं का!

जुगारापायी घरं बुडाली, हेही खरंच. पण मैदान केवळ जुगाऱ्यांचं नाही. सकाळी इथे आजी-आजोबा फिरतात, मुलं धावतात. २०१३ मध्ये भाडेपट्टा संपला आणि वाद पेटला. २०२४ मध्ये ठरलं, की २११ पैकी १२० एकरांवर महापालिकेनं उद्यान करायचं, ९१ एकर क्लबकडे राहायचे. उद्यानाच्या नावाखाली तिथे सिमेंट किती ओततात, यावर फिरायला येणाऱ्यांनी डोळा ठेवायला हवा.