साखळी वंगणक, स्वयंचलित
साखळी वंगणक, स्वयंचलित : मोटारसायकल चालू असताना तिच्या मागील चाकाकडे शक्ती नेणाऱ्या साखळीवर थोडे थोडे तेल आपोआप सोडणारी प्रयुक्ती. व्यवहारात ती ‘चेन ऑइलर’ या नावाने ओळखली जाते.

साखळी सैल पडली की ती ताणली गेली असे म्हणतात. प्रत्यक्षात तिच्या पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील खीळ व तिच्यावरील बुश झिजतात आणि शंभरावर सांध्यांतील या अत्यल्प झिजेची बेरीज होऊन साखळी लांबते. ताशी ८० किमी. वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलीची साखळी सेकंदाला सु. चार फेऱ्या करते. हाताने तेल देणे सु. ५०० किमी.गणिक होते, पावसात ते तेल त्यापूर्वीच धुऊन जाते व उरलेले अंतर साखळी कोरडी धावते. ही उणीव वंगणक भरून काढतो.

मूळ कल्पना जुनी आहे. १९६९ साली बाजारात आलेल्या होंडा सीबी ७५० या मोटारसायकलीत पुढील दंतचक्राच्या दंडातून साखळीस एंजिनाचे तेल मिळे. मात्र ते मागील भागावर उडत असे. पुढे खिळीभोवतीचे ग्रीज रबरी कड्यांनी कोंडून ठेवणाऱ्या साखळ्या प्रचारात आल्या. स्वतंत्र तेलकुपी असलेला स्कॉटऑइलर हा वंगणक १९८० नंतरच्या दशकात स्कॉटलंडमध्ये तयार झाला. त्यात एंजिनाच्या अंतर्गमन नळीतील अंशतः निर्वातामुळे कुपीतील झडप उचलली जाते व तेल गुरुत्वाने खाली येते. एंजिन थांबताच झडप मिटते. अलीकडील विद्युत् प्रकारांत हालचाल ओळखणारा संवेदक किंवा छोटा पंप हे काम करतो.

तेलाचे प्रमाण मिनिटाला एखाद-दुसरा थेंब एवढेच असते. थंडीत तेलाची श्यानता वाढून प्रवाह मंदावतो व उन्हाळ्यात तो वाढतो, म्हणून ऋतूनुसार नियंत्रक फिरवावा लागतो. नळीचे टोक मागील दंतचक्राच्या बाजूच्या पृष्ठावर, दातांच्या किंचित आत टेकवतात. केंद्रोत्सारी प्रेरणेने तेल बाहेर सरकत दातांवरून रोलरांपर्यंत पोहोचते. थेट साखळीवर पाडलेला थेंब बहुतांशी उडून जातो. बसवणीतील बहुतेक तक्रारींचे मूळ या एका टोकात असते.

खरा धोका अतिरेकाचा आहे. जादा तेल चाकाच्या धावेवरून टायरवर गेल्यास वळणावर मागील चाक घसरू शकते. म्हणून बसवल्यानंतरच्या पहिल्या फेरीअखेर टायरची बाजू बोटाने पुसून पाहणे अत्यावश्यक ठरते. धुळीच्या रस्त्यावर तेलाला धूळ चिकटते हा आक्षेप खरा आहे. तथापि सतत येणारे पातळ तेल ती बरीचशी वाहून नेते, तर क्वचित लावलेले घट्ट ग्रीज तिला धरून ठेवते. रबरी कड्यांच्या साखळीतही आतले ग्रीज कोंडलेले असले, तरी रोलर व दाते उघडेच असतात. वंगणकाचा उपयोग त्यांच्यापुरता व गंज रोखण्यापुरता होतो.

भारतात रोजच्या वापराच्या अनेक छोट्या मोटारसायकलींची साखळी पूर्ण झाकणात असते. तेथे धूळ व पाणी फारसे पोहोचत नाही. अशा वाहनास वंगणक जोडणे सहसा अनावश्यक खर्चाचे होय. उघड्या साखळीने पावसाळ्यात लांबचा प्रवास करणाऱ्यास मात्र तो उपयोगी पडतो. वंगणक असला, तरी साखळीचा ताण तपासणे व कुपी भरणे ही कामे हातानेच करावी लागतात.