आधी पुतळा, मग खाट

अतिदक्षता विभागात जाण्याआधी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा हात पुतळ्यावर बसवतात. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबायची. 30 दाबांनंतर 2 श्वास. दोन मिनिटांत दंड भरून येतात, तेव्हा दुसऱ्यानं पुढं यायचं.

मग खरी खाट. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं 30 ते 45 अंश उंच ठेवायचं, म्हणजे पोटातलं फुप्फुसात उतरण्याचा धोका घटतो. नळीतून कफ ओढताना एका वेळी 15 सेकंदांच्या वर जायचं नाही, कारण तेवढा वेळ प्राणवायूही कमी पडत असतो.

शुद्धी मोजायला 1974 पासूनचं ग्लासगो कोमा स्केल आहे: डोळे, बोलणं, हालचाल, गुण 3 ते 15. एकेक गुण घसरताना ज्या सिस्टरच्या लक्षात येतो, तिच्यामुळं डॉक्टर वेळेत पोहोचतात.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित धडा श्वास मोजण्याचा. नाडी, रक्तदाब यंत्र दाखवतं. श्वास मात्र पूर्ण मिनिटभर छातीकडं बघून मोजावा. प्रकृती ढासळू लागली की अनेकदा तोच आधी वाढतो. अलार्म वाजला तरी नजर आधी रुग्णाकडं, मग पडद्याकडं. आणि बेशुद्ध माणसालाही हात लावण्यापूर्वी नावानं हाक मारून सांगायचं, ‘आजोबा, कूस बदलतेय.’ त्याला ऐकू येत असू शकतं.

बी.एस्सी. नर्सिंगनंतर यात पुढं शिकायचं असेल, तर भारतीय परिचर्या परिषदेचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.