हडंब्यात गेलेल्या हाताची भरपाई

सोयाबीन निघायला लागलं की हिंगोली जिल्ह्यात हडंबे, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारी मळणी यंत्रं, रात्रंदिवस फिरतात. परतीचा पाऊस डोक्यावर असतो, सुडी भिजली तर वर्षाची कमाई मातीत जाते. म्हणून मजुरांची टोळी रात्री बॅटरीच्या उजेडातही पेंढ्या लोटत राहते. मजुरी पोत्यामागे ठरलेली, त्यामुळे दमलं तरी कुणी थांबत नाही. मळणी यंत्राच्या तोंडाशी अडकलेली पेंढी हाताने ढकलायला जावं आणि शर्टाची बाही आत ओढली जावी, एवढंच घडतं. ट्रॅक्टर बंद करेपर्यंत हात गेलेला असतो.

मी वसमतला वकिली करते. हंगाम संपला की असा एखादा गडी, नाहीतर त्याची बायको, माझ्यासमोर येऊन बसते. बोलणं बहुधा एकाच ठिकाणी अडतं : "मालकानं दवाखान्याचे पैसे भरलेत, ताई. आता त्याच्यावर केस कशी करावी?" मी त्यांना सांगते, दवाखान्याचा खर्च ही माणुसकी झाली. पुढची तीस वर्षं या हाताने जी कामं झाली असती, त्यांचा हिशेब अजून व्हायचा आहे. तो मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे.

हा हक्क कामगार भरपाईच्या 1923च्या कायद्यातून आला. भरपाई फक्त कारखान्यातल्या कामगारालाच मिळते, असा समज गावोगाव आहे. प्रत्यक्षात ट्रॅक्टरने किंवा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या अवजारांनी शेतीकाम करणारा मजूरही त्या कायद्याच्या यादीत आहे. 21 नोव्हेंबर 2025पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला, पण तत्त्व तेच राहिलं : काम करताना, कामामुळे इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. "तूच बेसावध होतास" एवढ्याने मालकाची सुटकाही होत नाही.

मात्र मजूर कामावर होता, हे दाखवावं लागतं. निम्म्या केसेस इथेच दुबळ्या होतात. जखमीला दवाखान्यात नेतात तेव्हा तो शुद्धीवर नसतो. डॉक्टर विचारतात, "कसं झालं?" उत्तर देतो सोबत आलेला माणूस, आणि कागदावर नोंद होते, "पडल्यामुळे इजा". पुढे वर्षभर त्या दोन शब्दांशी भांडावं लागतं. म्हणून घरच्यांनी पहिल्याच दिवशी आग्रह धरावा : कुणाच्या शेतात, कुणाच्या हडंब्यावर, कोणतं काम करताना हात गेला, हे लिहून घ्या. पोलिसांत खबर द्या. ट्रॅक्टरचा नंबर आणि विम्याची प्रत मिळवा. टोळीतल्या सोबत्यांचे जबाब होऊ द्या. हडंबेवाला शेतकऱ्याकडे बोट दाखवतो आणि शेतकरी हडंबेवाल्याकडे. म्हणून भरपाईच्या अर्जात दोघांचीही नावं घालावीत. अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे.

आता रकमेचं. कायद्याच्या तक्त्यात अवयवांचे टक्के ठरलेले आहेत : मनगटापासून हात गेला तर 60, एका हाताची चार बोटं गेली तर 50, नुसता अंगठा गेला तर 30. समजा, मजूर 30 वर्षांचा आहे आणि महिन्याला 12,000 रुपये कमावतो. पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200 रुपये. त्या वयाचा गुणक 207.98. गुणाकार येतो 14,97,456 रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची भरपाई. तक्त्याप्रमाणे 60 टक्के धरले, तर हातात पडतात सुमारे 8 लाख 98 हजार.

मग प्रश्न येतो : उजवा हात गेलेल्या शेतमजुराची कामाची ताकद खरोखर 60 टक्केच गेली का? ओडिशातल्या एका चित्रपटगृहात सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली सांगितलं की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व 100 टक्के. हा निकाल मी प्रत्येक अर्जाला जोडते. हळद काढणं, पोती उचलणं, औत धरणं, यातलं कोणतं काम एका हाताने होतं? आपण रोज काय काम करत होतो, हे साक्षीत एकेक करून सांगावं. "मजुरी करत होतो" एवढ्यावर थांबू नये.

बाँडपेपरवर चाळीस-पन्नास हजारांत मिटवून अंगठा घेतलेली प्रकरणंही येतात. घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याच्या लेखी रद्दबातल असतो. पैसे महिन्यात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज चढतं, आणि कारण नसताना टाळाटाळ केली तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो.

स्वतःच्याच शेतात हात गेला तर मालक कुणीच नसतो. अशा वेळी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे : एक हात किंवा पाय गेल्यास 1 लाख, दोन अवयव गेल्यास 2 लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. वकिलाच्या फीचीही धास्ती नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

हडंबेवाल्या भावांनाही माझी कळकळीची विनंती आहे. खंडेनवमीला यंत्राला हार घालता, त्याच्या आधी टोळीचा विमा उतरवा आणि तोंडाशी सुरक्षेची जाळी-पत्रा नीट बसवून घ्या. नऊ-पंधरा लाखांचा हुकूम झाला तर तुमचंही घर उभं राहत नाही. विमा असेल तर भरपाई कंपनी देते, गड्याचं घर चालतं आणि पुढच्या हंगामात एकमेकांच्या तोंडाकडे बघता येतं.