खिशातील कागद

गेल्या महिन्यात माझी भाची तिच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करीत होती. एम.डी. होऊन ती एका वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापकपदासाठी जाणार होती. रात्री जेवताना तिने विचारले, "मामा, मुलाखतीला टिपणे नेली तर चालतील का? की समितीला वाटेल, हिला काहीच आठवत नाही?"

प्रश्न साधा होता. परंतु त्या निमित्ताने मला बारा-तेरा वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवला. आठवण अभिमानाची नाही. स्मरणिकेत आपण यशाच्या कथा आवर्जून लिहितो. या वेळी एका चुकीची नोंद करावी, असे वाटले.

इंदूरातील एका धर्मादाय रुग्णालयाला वैद्यकीय अधिकारी नेमावयाचा होता आणि निवड समितीत मीही होतो. एक तरुणी लहान गावातील आरोग्य केंद्रात तीन वर्षे काम करून आलेली होती. मी विचारले, "गेल्या वर्षी तुम्ही स्वतः किती प्रसूती केल्या? त्यांपैकी किती मातांना मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले?" ती क्षणभर थांबली आणि हिंदीतून म्हणाली, "सर, अंदाजे सांगू, की वहीत पाहून नेमके सांगू?" तिने पर्समधून एक लहान वही काढली आणि आकडे सांगितले: एकूण 142, पुढे पाठविलेल्या 11, आणि त्या अकरांची कारणेही.

त्यानंतरच्या उमेदवाराने त्याच प्रश्नावर डोळ्याला डोळा भिडवून उत्तर दिले, "दोनशेच्या आसपास, सर. गुंतागुंत जवळजवळ नाहीच." मी त्याच्या नावापुढे लिहिले, 'आत्मविश्वासपूर्ण'. तिच्या नावापुढे लिहिले, 'वहीवर अवलंबून'. नेमणूक त्याची झाली. दुपारी चारला आम्ही सह्या केल्या.

त्याच संध्याकाळी माझ्या दवाखान्यात साठी उलटलेले एक गृहस्थ आले. गुडघेदुखी आणि थोडा थकवा, एवढीच त्यांची तक्रार. निघताना त्यांनी संकोचाने एक चिठ्ठी पुढे केली. "हिने लिहून दिली आहे, बघा वाटलं तर." चिठ्ठीत पाच ओळी होत्या. चौथी ओळ अशी: चार दिवसांपासून शौचास काळे होते. गुडघ्यासाठी ते कित्येक महिने वेदनाशामक गोळ्या घेत होते. नाडी पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली आणि तसेच त्यांना दाखल करविले. जठरातील व्रणातून रक्तस्राव होत होता. ते बरे झाले. त्यांच्या पत्नीला मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही लिहून दिलेत म्हणून कळले." हे वाक्य उच्चारताच दुपारची ती वही डोळ्यांपुढे उभी राहिली. एकाच दिवशी एका कागदाला मी गुण कापले होते आणि दुसऱ्या कागदाचे आभार मानले होते.

कागदाविषयीचा हा आकस आपल्या व्यवसायात जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील विख्यात फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी तक्रारींची यादी घेऊन येणाऱ्या रुग्णाला 'चिठ्ठीवाला माणूस' असे नाव देऊन त्याची गणना मनोदुर्बलांत केली. 1985 साली बर्नम या अमेरिकन वैद्याने 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आपल्या रुग्णांचा अनुभव मांडला आणि दाखविले की यादी लिहिणे हे मनोविकाराचे लक्षण नव्हे. काही राहून जाऊ नये, एवढीच त्यामागील इच्छा असते. आपल्याकडे तर पाठांतराची थोर परंपरा आहे. मुखोद्गत ते ज्ञान, आणि कागद म्हटला की परीक्षेतील कॉपी!

परंतु शस्त्रक्रियागृहाने आपल्याला वेगळा धडा दिला. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये 19 कलमांची सुरक्षा-सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी थांबावयाचे आणि ती मोठ्याने वाचावयाची. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरली असता मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंतीचे 11 वरून 7 टक्क्यांवर आले, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. ती सूची वाचणाऱ्या शल्यविशारदाला 'कागदावर अवलंबून' असे कोणी म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली. समितीतील आम्हा चौघांपुढेही कागद होते! उमेदवाराचे नावसुद्धा आम्ही त्यात पाहून उच्चारीत होतो.

भाचीला मी जे सांगितले ते असे. टिपणे अवश्य ने, परंतु एकच पान. त्यावर उत्तरे लिहू नकोस. आपल्या कामाचे आकडे, तारखा, प्रबंधाचे तपशील आणि तुला समितीला विचारावयाचे तीन-चार प्रश्न लिही. पाहण्यापूर्वी परवानगी माग. चोरून पाहू नकोस. मुलाखत संगणकावरून असेल, तर पडद्याशेजारी कागद चिकटवून वाचू नकोस. नजर सरकलेली समोरच्याला दिसते. आणि एक मर्यादा पाळ: झटके येणाऱ्या गरोदर मातेला प्रथम काय द्यावयाचे, हे विचारले तर वही उघडावयाची नाही. जे रुग्णाच्या खाटेशी तत्क्षणी लागते ते डोक्यातच हवे. जे नेमके असावयास हवे आणि ज्यासाठी क्षणभर थांबता येते, ते कागदावर असणे हा प्रामाणिकपणा आहे.

"आणि समितीतील एखाद्याला आवडले नाही तर?" तिने विचारले.

"तसे होऊ शकते," मी म्हणालो. "मलाच आवडले नव्हते."

त्या तरुणीची पुन्हा भेट झाली नाही. दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करून सहकाऱ्यांशी बोलता आले असते. मी तो केला नाही. मात्र त्यानंतर ज्या ज्या निवड समितीत बसलो, तेथे उमेदवार खुर्चीवर बसताच मी प्रथम एकच वाक्य म्हणतो, "टिपणे आणली असतील, तर निःसंकोच टेबलावर ठेवा." बरेच जण चपापतात. मग हळूच खिशात हात घालतात.